दोनदा मागितलेली माफी

सन्माननीय अध्यक्ष श्री. बाळकृष्णजी तारे, इंदूरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे डॉ. अजिंक्य पोतनीस, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या मंडळाची नाटकं वर्षानुवर्षं बसवणारे श्री. शांतवनराव भिंगारदिवे, सौ. निर्मलाताई, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आणि कोलार रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतून वाट काढत इथवर पोहोचलेल्या बंधुभगिनींनो,

मी रवींद्र आपटे. बऱ्याच जणांनी मला आज पहिल्यांदाच उजेडात पाहिलं असेल. भिंगारदिवे साहेबांच्या प्रत्येक नाटकात मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे विंगेत संहिता घेऊन बसणारा माणूस. कुणी वाक्य विसरलं की हळूच पुरवायचं, एवढंच माझं काम. या कामाचा एक फायदा असा की सगळं दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही. म्हणून कार्यकारिणीनं साहेबांबद्दल बोलायला मला उभं केलं असावं.

साहेब आणि निर्मलाताई पुढच्या आठवड्यात मिसरोदचं घर आणि भोपाळ सोडून कायमचे नगरला निघाले आहेत. नगर त्यांचं मूळ गाव. तरुणपणी इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, इथेच निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायची पद्धत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते सांगितले. एकांनी ‘विनम्र’ हा शब्द वापरला, तेव्हा पहिल्या रांगेत निर्मलाताई हसल्या. मी पाहिलं. त्या का हसल्या, ते सांगायचा माझा विचार आहे.

आमचे भिंगारदिवे साहेब विनम्र आहेत का? अध्यक्ष महाराज, ज्यांनी त्यांच्या हाताखाली तालीम केली आहे त्यांनी हात वर करावेत. बघा, तेही हसताहेत. साहेब रागीट आहेत. त्यांना चूक सहन होत नाही, आणि मराठी भाषेची चूक तर अजिबात नाही. इथे भोपाळात आपली मुलं अर्धी हिंदीत वाढतात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. साहेबांना ते माहीत होतं, पण पटत नव्हतं.

आता घडलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रुती मुळ्ये ही आपल्यातली गुणी नटी. शाहपुऱ्याला घर, तिथेच एका ऑफिसात नोकरी. वडील ग्वाल्हेरचे मराठी, आई कांचनताई सागरच्या, माहेरच्या हिंदी. लग्नानंतर त्या मराठी शिकल्या, आणि हौसेनं शिकल्या. लेकीच्या तालमीला त्या यायच्या, मागच्या खुर्चीत विणकाम करत बसायच्या.

त्या दिवशी श्रुती एका वाक्याला हिंदीच्या सवयीनं ‘माझी पुस्तक’ म्हणाली. साहेबांनी थांबवलं. पुन्हा ‘माझी पुस्तक’. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि साहेबांचा तोल गेला. मोठ्यानं म्हणाले, “मराठी येत नाही आणि मराठी नाटकात काम करायचंय? घरात आईनं बोलायला शिकवलं नाही का?”

मी विंगेतून मागच्या खुर्चीकडे पाहिलं. कांचनताईंनी विणकाम पिशवीत ठेवलं आणि उठून गेल्या. श्रुती त्यांच्या पाठोपाठ गेली. परत आली नाही. नाटक दुसऱ्या मुलीला घेऊन झालं, ठीक झालं, टाळ्याही पडल्या.

साहेबांनी माफी मागितली का? नाही. आमच्यापैकी एक-दोघांनी विषय काढला तेव्हा म्हणाले, “पुस्तक हा शब्द नपुंसकलिंगी आहे. यात मी चुकलेलो नाही.” आणि खरंच, त्यात ते चुकले नव्हते. अडचण तीच होती. जो माणूस अर्धा बरोबर असतो त्याला उरलेला अर्धा दिसायला फार वेळ लागतो.

आता थोडं त्यांच्या धर्माविषयी. मी त्या धर्माचा नाही, त्यामुळे काही चुकलं तर निर्मलाताईंनी खुणावावं. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी असतो. सगळे पुढे वेदीपाशी जातात, गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात. मात्र कुणाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवावं, मग पुढे जावं, अशी त्यांच्याकडे शिकवण आहे. कुणी तपासत नाही. ज्याचं त्यानं पाहायचं.

त्या प्रसंगानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला साहेब जागेवरून उठले नाहीत. निर्मलाताई एकट्याच पुढे गेल्या. पुढच्या महिन्यातही तेच. तेव्हा गाडीत ताईंनी विचारलं, “अहो, तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे.”

“मग?”

साहेबांनी गाडी चर्चच्या फाटकाबाहेर काढली. मग म्हणाले, “मुळ्यांकडे जायचं राहिलंय.”

ताई म्हणाल्या, “शाहपुऱ्याचा रस्ता बंद आहे का?”

हे संवाद मला कसे ठाऊक, असं आपल्या मनात आलं असेल. साहेबांनी स्वतः सांगितले. भाषणात सांगू का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “माझी परवानगी कसली घेता? ज्यांना लागलं त्यांना विचारा.” म्हणून श्रुतीला आणि कांचनताईंना विचारलं. दोघी आज इथे आहेत. दोघींनी ‘सांगा’ म्हटलं. श्रुतीनं बजावलंय, “काका, पूरी बात सांगायची, आधी-अधुरी नाही.” तर पूर्ण सांगतो.

साहेब शाहपुऱ्याला गेले. कांचनताईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. साहेबांनी माफी मागितली. म्हणाले, “मी बोललो ते बोलायला नको होतं. पण मी नाटकाच्या भल्यासाठी बोललो. तालमीत दिग्दर्शक कडक नसेल तर नाटक उभं राहत नाही, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.” असं बरंच काही. कांचनताई म्हणाल्या, “कोई बात नहीं, भाई साहब.” त्यावर श्रुती म्हणाली, “आई, थांब. काका, ये माफी नहीं है. ये सफाई है.” म्हणजे, स्वतःचा बचाव.

साहेब उठले आणि निघाले. घरी येऊन निर्मलाताईंना म्हणाले, “पोरीनं माझी माफी तपासून परत पाठवली.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताई सांगतात, रागानं जेवले नाहीत. पश्चात्ताप वगैरे नंतर आला.

इथे मला एक विचारावंसं वाटतं. आपण तिथे असतो तर काय केलं असतं? गेलो होतो, बोललो होतो, समोरच्यानं घेतलं नाही, आता आपली जबाबदारी संपली, असंच म्हटलं असतं ना? साहेबही काही दिवस तसंच म्हणत होते. पुन्हा पहिला रविवार आला. पुन्हा ते बसून राहिले. शेजारचे लोक आता बघायला लागले होते. साहेबांनी मला पुढे एकदा सांगितलं, “रवींद्रराव, रविवारी गुडघे टेकायला मला कधीच जड गेलं नाही. समोर देव असतो, त्याच्यापुढे कुणीही वाकेल. सोमवारी समोर माणूस असतो, आणि तो माझ्यापेक्षा वयानं लहान असतो.”

ते पुन्हा गेले. या वेळी बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, “कांचनताई, त्या दिवशी चूक श्रुतीची होती आणि अपमान मी तुमचा केला. तुम्ही मागे बसला आहात हे मला माहीत होतं. तिला जास्त लागावं म्हणून मी तुम्हाला मध्ये ओढलं. हे वाईट होतं. मला क्षमा करा.” आणि थांबले. ‘पण’ आला नाही.

कांचनताई या वेळी ‘कोई बात नहीं’ म्हणाल्या नाहीत. त्या मराठीत बोलल्या. “भाईसाहेब, मला वाटायचं मी चांगली मराठी बोलते. त्या दिवसापासून मंडळात तोंड उघडायची भीती वाटते. कोणी हसेल असं वाटतं.”

साहेबांनी विचारलं, “मी काय करू?”

“काही नाही. तुम्ही ऐकून घेतलं. बस. आता आत या.”

साहेब आत गेले. पुढच्या महिन्यात ते वेदीपाशीही गेले. निर्मलाताई म्हणतात, गुडघे टेकताना साहेबांनी त्यांचा हात धरला होता. गुडघेदुखी होती की दुसरं काही, ते ताईंनी विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. पुढच्या वर्षी नाटक कुणी बसवायचं यावर कार्यकारिणीत चर्चा झाली आणि तरुण मंडळींनी, मंडळात परतून बैठकीला बसलेल्या श्रुतीचं नाव सुचवलं. सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. ते म्हणाले, “माझा पाठिंबा आहे.” मग श्रुतीला विचारलं, “माझ्याजोगं काम असेल तर सांगशील?”

श्रुती म्हणाली, “ऑडिशन सगळ्यांची होणार आहे, काका.”

आणि अध्यक्ष महाराज, भिंगारदिवे साहेबांनी ऑडिशन दिली! ज्यांनी या शहरातल्या निम्म्या मराठी नटांना उभं राहायला शिकवलं, ते रांगेत बसले, नाव पुकारल्यावर उठले आणि एक उतारा वाचून दाखवला. त्यांना आजोबांची भूमिका मिळाली. बहुतेक वेळ खुर्चीत बसून राहायचं आणि वाक्यं अगदी मोजकी. प्रॉम्प्टर म्हणून मला त्यांच्यासाठी काही कामच उरलं नाही.

ते सोपं गेलं असं समजू नका. दुसऱ्याच तालमीत एका मुलाची एंट्री चुकली आणि साहेब खुर्चीतून ओरडले, “थांबा!” वर्षानुवर्षांची सवय. सगळे थांबलेही! श्रुतीनं नुसतं पाहिलं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता हे निघून जाणार. ते म्हणाले, “माफ कर. चालू दे.” असं पुढेही दोन-चारदा झालं. दर वेळी तीच दोन वाक्यं. हळूहळू ओरडणं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

शेवटच्या प्रवेशात नात घर सोडून जाते. साहेबांचं म्हणणं, आजोबांनी उठावं, चार पावलं पुढे यावं, प्रकाशात उभं राहावं. श्रुतीचं म्हणणं, आजोबांनी बसूनच राहावं, आणि तेही प्रेक्षकांकडे पाठ करून. पाठ! साहेब ज्या पद्धतीत तयार झाले त्यात प्रेक्षकांना पाठ दाखवणं म्हणजे अपराधच. तालीम संपल्यावर सगळे गेल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन आपलं मत एकदा सांगितलं. ती म्हणाली, “नाही काका, मला पाठच हवी.” साहेब म्हणाले, “बरं.” पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. चहाच्या घोळक्यातही नाही, आणि माझ्याकडेही नाही. मी वाट पाहत होतो, हे मान्य करतो.

प्रयोगाच्या दिवशी साहेब पाठ करून बसले. नात निघाली. दारात थांबली, त्यांच्याकडे पाहिलं. ते हलले नाहीत. पडदा पडला तरी काही क्षण टाळी आली नाही, आणि मग आली ती थांबेना.

नंतर मेकअपच्या खोलीत साहेब तोंड पुसता पुसता सगळ्यांदेखत म्हणाले, “श्रुती, मी चुकीचं सांगत होतो. मी उभा राहिलो असतो तर लोकांनी मला पाहिलं असतं. आज लोकांनी नातीला पाहिलं. हे मला सुचलं नसतं.”

श्रुतीनं वाकून त्यांना नमस्कार केला. साहेबांना पाया पडलेलं आवडत नाही, त्यांच्यात तशी रीत नाही. त्या दिवशी त्यांनी अडवलं नाही.

आता कांचनताईंचं. त्या मंडळात पुन्हा येऊ लागल्या, आपल्या सगळ्यांशी मराठीत बोलतात. फक्त साहेबांशी हिंदीत बोलतात, आजही. ही शिक्षा आहे की जवळीक, मला कळलेलं नाही, आणि साहेबांनी कधी विचारलं नाही. ते आपल्या नगरी हिंदीत उत्तर देतात. मध्यंतरी मी समोर होतो. साहेब म्हणाले, “कांचनताई, चाय बहुत अच्छा बना है.” त्या म्हणाल्या, “अच्छी बनी है, भाई साहब.” साहेब म्हणाले, “अच्छी बनी है,” आणि कप पुढे केला.

तर साहेब विनम्र आहेत का? मागच्याच आठवड्यात ते सामान बांधणाऱ्या माणसावर ओरडले, हे मला निर्मलाताईंकडून कळलं. आणि नंतर त्याच्याशेजारी जमिनीवर बसून त्यांनी पुस्तकांची खोकी बांधली, हेही कळलं. मी त्यांच्या धर्माचा जाणकार नाही. मला दिसलं ते इतकंच की नम्रता त्यांच्या स्वभावात नव्हती. ती त्यांनी रोज नव्यानं करून पाहिली, पुष्कळदा बिघडवली, आणि बिघडल्यावर पुन्हा त्याच दारात गेले.

एक शेवटचं सांगून बसतो. सत्काराचं विचारायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मनात आग्रहाची वाक्यं जुळवून ठेवली होती. मोठी माणसं आधी ‘कशाला, कशाला’ म्हणतात, असा अनुभव आहे. साहेब पटकन म्हणाले, “हो. मला आवडेल. येतो.”

माझा चेहरा पाहून ते हसले. म्हणाले, “रवींद्रराव, मी नको म्हटलं असतं तर तुम्ही आणखी दोनदा आग्रह केला असता. तो ऐकायला मला फार गोड वाटलं असतं. म्हणून लगेच हो म्हणून टाकलं.”

साहेब, निर्मलाताई, नगरला सुखानं राहा. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचा, स्वतःची गोष्ट सांगू दिल्याबद्दल श्रुती आणि कांचनताईंचा, आणि पोह्यांचा वास येत असूनही शांत बसल्याबद्दल आपणा सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर आपण ते पोटात घालावं. आणि पोटात घालण्याजोगं नसेल, तर मी बाहेर दारापाशीच उभा असेन. मला तसं सांगावं.

नमस्कार.