मधला आकडा

(सकाळी आठ. दोन हवामान केंद्रांमधला रोजचा फोन. तो बर्फाच्या घाटात, ती वाळवंटाच्या कडेला. कचेरीत दोघांची नावं पडली आहेत, घाट आणि वाळू.)

वाळू : परत सांगा बरं. रात्रीचं किमान तापमान किती म्हणालात?

घाट : पंचेचाळीस.

वाळू : अहो, खिडकीबाहेर बघा. काय दिसतंय?

घाट : बर्फ. कुंपणाचे खांब बुडालेत.

वाळू : मग? पंचेचाळीस हा माझा आकडा. काल दुपारचा.

घाट : अरे देवा. उणे नऊ, बाई, उणे नऊ लिहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चुकलो.

वाळू : खोडलं. कागदावर तुमचा घाट वितळून गेला असता की. लक्ष कुठं होतं?

घाट : तुमच्याकडंच. रात्री हातपाय गारठले की मी तुमचा आकडा पांघरून झोपतो.

वाळू : आणि पत्रा तापला की मी डोळे मिटून तुमचा म्हणत बसते. उणे नऊ, उणे नऊ. अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत.

घाट : आणि म्हणे एकाच देशात राहतो आपण.

वाळू : नकाशा काढणाऱ्यानं भरदुपारी माझ्या अंगणात अनवाणी यावं एकदा. मग बोलावं.

घाट : सोमवारपासून आकडे यंत्रच पाठवणार. पत्र मिळालं ना?

वाळू : मिळालं. यंत्र चुकत नाही म्हणतात.

घाट : म्हणजे फोनही नाही. अकरा वर्षं झाली, बाई. आठ वाजतील आणि कुणी काही विचारणार नाही, याची मला भीती वाटते.

वाळू : मलाही.

घाट : मध्ये कुठंतरी असेलच की असं गाव, जिथं पंखा लागत नाही, शेगडीही नाही.

वाळू : आहे. नदीकाठचं केंद्र. रोज बावीस, फार तर तेवीस. लिहिताना जांभई येते मला.

घाट : यंत्र आलं की रविवारी सुट्टी मिळेल. पहिलीच. याल तिथं?

वाळू : उन्हानं चेहरा रापलाय माझा. न पाहिलेलाच बरा.

घाट : माझं नाक थंडीनं फुटलंय. फिट्टंफाट.

वाळू : बावीसमध्ये मी कुडकुडेन हो.

घाट : मला घाम फुटेल. माझा स्वेटर तुम्ही घाला.

वाळू : बरं, आजचा आकडा पुन्हा सांगा. वहीत नीट चढू दे.

घाट : उणे नऊ.

वाळू : आणि रविवारचा?

घाट : बावीस.