मेहरूण तलावावरचा दोर सोडून नेल्याबाबत

मी चेलना अखिल ओस्तवाल, वय ६१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, रा. मेहरूण, जळगाव. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी दर रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या पायऱ्यांवर वस्तीतल्या अकरा मुलांना पाण्यापाशी कसे जपायचे ते शिकवते. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही. पालथे पडायचे, दोर किंवा ओढणी टाकायची, मोठ्यांना हाक मारायची. त्यासाठी काठावरच्या निंबाला मी स्वतः दोर बांधून ठेवला होता.

शनिवारी दोर जागेवर नव्हता. वस्तीतले भटू पाटील यांनी तो कानबाई देवीच्या मंडपाला नेला होता. मी मागितला. ते म्हणाले, “अक्का, देवीनंच काम शे. विसर्जन व्हयनं का लगेच बांधी देसूत.” विसर्जनाच्या वेळीच तो लागेल, असे मी दोनदा सांगितले. त्यांनी हसून मला देवीच्या प्रसादाला, रोटाच्या जेवणाला बोलावले.

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास विसर्जनाच्या गर्दीत ललिता वना सोनवणे, वय ८, शेवाळावरून घसरून पाण्यात पडली. ती माझ्याकडे येते. काठावरची माणसे एकमेकांना ‘उडी मार’ म्हणत होती. पोहता कुणालाच येत नव्हते. माझ्याकडचीच सुलक्षणा, वय ११, निंबाकडे धावली. दोर नव्हता. परत येऊन ती पायरीवर पालथी पडली, वर्गातल्याच मुस्कानने तिचे पाय धरले, सुलक्षणाने ओढणी पाण्यात सोडली. ललिताच्या हाताला ती दुसऱ्या खेपेस लागली. ललिता दवाखान्यात आहे. बोलते.

तिचे वडील वना यांची तक्रार आहे की, मी ‘बुडण्याचा खेळ’ शिकवून पोरींची पाण्याची भीती मोडली.

हे का शिकवता, असे मला विचारण्यात आले. अमळनेरला आमच्या मळ्यातल्या विहिरीवर माझे वडील माझ्या भावांच्या पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधून त्यांना पोहायला शिकवत. मुलींनी काठावर कपडे सांभाळायचे. भाऊ जिनेश बुडाला तेव्हा त्याचा सदरा माझ्या हातात होता. मी नऊ वर्षांची होते. याबाबत अधिक सांगायचे नाही.

भटू पाटील यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. दोर परत मिळावा, गणपती जवळ आले आहेत. वर्ग बंद करीन असे लिहून देण्यास मला सांगण्यात आले. ते मी लिहून देत नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. फक्त ‘खेळ’ हा शब्द माझा नाही.