पोह्यांबरोबर जर्मन

तुझी लेक फ्रेंच घेऊ की जर्मन म्हणून अडलीय ना? मी जर्मन घेतली ती बाबांमुळे. त्यांच्या सातपूरच्या कंपनीत जर्मन मशिनं होती, म्हणून ते म्हणाले, "नाशकात फ्रेंच घेऊन काय करणार?"

क्लासला जेमतेम महिना झाला आणि हे मला बघायला आले. आईने पोह्यांबरोबर माझी जर्मनही पुढे केली.

ह्यांच्या लासलगावच्या आत्या म्हणाल्या, "मग बोलून दाखव की गं! लय ऐकावंसं वाटतंय."

मला धड पाठ होता एकच धडा. मान खाली घालून मी जर्मनमध्ये म्हणाले, "स्टेशन कुठे आहे? सरळ जा, मग डावीकडे वळा."

"म्हंजे काय गं?"

मी पोह्यांची बशी आत्यांपुढे सरकवली. तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "ती म्हणतेय, थोरामोठ्यांचा मान राखीन."

म्हणजे ह्यांनीही कधीतरी तेच पुस्तक उघडलं होतं! वर माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणतात कसे, "माझी बॅग हरवली आहे." पुढचाच धडा!

"आता हा काय म्हणाला?" ह्यांच्या आईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "ते म्हणताहेत, लग्नानंतर रोजची कणीक मी मळीन."

सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं. जर्मनचं म्हणशील, तर आम्ही दोघंही त्या बॅगेच्या पुढे कधी गेलो नाही. कणीक मात्र आजही हेच मळतात.