सुतळीएवढी वायर

चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माझ्यापुढे एक मावशी होत्या. त्यांनी पिशवीतून सुतळीचं भेंडोळं काढून काउंटरवर ठेवलं.

“स्पीकरची वायर दे रं रुपेश. या सुतळीएवढी लांब.”

“मावशी, दोन्ही स्पीकर हॉलमध्येच ना? मग एवढी लांब कशाला?”

“एक तिथंच ऱ्हाईल. दुसरा मी चुलीपाशी नेणार हाय. भिंतीआडून किती वर्सं ऐकायचं?”

“लांब न्यायची तर जाड घ्या, नायतर आवाज पडंल.”

“जाडच दे.”

“काकांना विचारलंत?”

“मापून आलेय मी.”

“पण जोडी फोडलीत, तर जुन्या स्टिरिओ गाण्यांत नुसता तबला एकीकडं वाजतो. गाणारी बाई दुसरीकडं.”

“मग बाई माझ्याकडं जोड. तबला ऱ्हाऊ दे त्यांना.”