उलट्या बोटीचा नॅपकिन

डॉक्टरांनी बायको गेल्याचं सांगितलं, त्या सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर तसाच बसून राहिलो. शेजारी नणंद-भावजय होत्या. भावजय हात पुसायचा, बोटीचं चित्र असलेला नॅपकिन विणत होती.

“वहिनी, टांगल्यावर ही बोट उलटी दिसणार गं.”

“विणताना सरळ होती, वन्सं. आधी तळ विणला, मग शीड. बोट बांधतात तशी.”

“आणि अडकवायची नाडी तळाकडे. दादा आज बोटीवर रुजू होणार आणि तू त्याला बुडालेली बोट देणार?”

“उसवायला वेळ कुठाय? आत डोळे तपासून झाले की ते थेट बंदरावर जाणार.”

“डोळ्यांत पास झाला तर तुझी पंचाईत आहे.”

“हसा. मागचा स्वेटर त्यांनी तुमच्या कुत्र्याला घातला. हा तरी वापरायला हवा.”

“मग नाडी काढून शिडाकडे शिव.”

“एवढंच?”

“एवढंच.” नणंदेने नॅपकिन शिडाकडून वर धरला. “काका, जरा बघा, आता कशी दिसते?”

“सरळ आहे,” मी म्हणालो.

तेवढ्यात भावजयीचा नवरा बाहेर आला. तिने घाईने नॅपकिन पिशवीत कोंबला आणि तिघं हसत गेली.

मुलीला फोन करायचा अजून राहिला होता.