दामोदरभाऊनं थांबवलेली तोफ

समोर बसलेल्या भावांनो, आणि मागं ओट्यावर बसलेल्या मायबहिणींनो,

मला बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. श्रावणकाका चार शब्द बोलतील, असं सरपंचांनी सांगून टाकलं. सकाळपासून भात उतरला नाही. मध्येच माझा आवाज गेला तर कोणी पाणी द्या. पण मला बसवू नका. एकदा बसलो तर पुन्हा उठायची हिंमत होणार नाही.

दामोदरभाऊ गेले. या करडी गावात त्यांना ओळखत नाही असं कोणी नाही. पण कशावरून ओळखता तुम्ही त्यांना? एका चेष्टेवरून. खोटं बोलत असेन तर सांगा.

परवा नदीवर काय झालं ते बहुतेकांनी पाहिलं. लाकडं ओली होती. वसंतानं, त्यांच्या पोरानं, अग्नी दिला, पण जाळ धरेना. भाताची तणस टाकली, रॉकेल टाकलं. नुसता धूर. तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "थांबा बाप्पा, अर्धा तास थांबा लागते." चार-दोन जण हसले.

कोण बोललं ते मी पाहिलं नाही. मला पाहायचंही नाही. त्याच्या मनात वाईट नसेल. एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं असेल. पण मी वसंताकडं पाहत होतो. त्यानं मान खाली घातली. बापाच्या चितेसमोर उभ्या असलेल्या पोराला बापाची लाज वाटली. भावांनो, ते पाहिल्यापासून मला चैन नाही. म्हणून उभा राहिलो.

तो अर्धा तास काय होता, हे आज सांगतो. तिथं मी होतो. आणि आता मीच उरलो.

जंगलापलीकडचा तो माळ, जिथं आज बकऱ्या सिमेंटच्या चौथऱ्यावर ऊन खात बसतात, तो तेव्हा तारा मारून सरकारनं घेतला होता. तिथं तोफेची चाचणी व्हायची. साधी तोफ नव्हती ती. रणगाड्यावरची तोफ फार जड असते, म्हणून तिला गाडाही जड लागतो, आणि जड गाडा नदीनाल्यात फसतो. म्हणून साहेब लोक हलकी तोफ बनवत होते. हलक्या गाडीवर बसेल अशी. गाडी पाण्यातून पार होईल, आणि पलीकडं जाऊन मारही मोठ्या तोफेसारखा करील.

ऐकायला सोपं वाटतं. पण तोफ हलकी झाली म्हणून तिचा धक्का हलका होत नाही. गोळा पुढं जातो तेवढ्याच जोरानं तोफ मागं येते. जड गाडा तो धक्का पचवतो. हलकी गाडी बिचारी उडते. आमचे गद्रे साहेब, या कामाचे मुख्य, त्यांनी त्या धक्क्यासाठी काय काय केलं. नळीच्या तोंडाला बाजूनं भोकं असलेली टोपी बसवली, की धूर बाजूनं निघावा आणि धक्का कमी व्हावा. धक्का खायला तेलाची लांब नळकांडी बसवली. पहिल्यांदा तोफ त्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवून उडवली. मग गाडीवर चढवली.

तेव्हा दामोदरभाऊ म्हणाले होते, "साहेब बकरीले रेड्याचे शिंग लावून राहिले." ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. आम्ही भ्यालो. साहेब आले आणि म्हणाले, "दामोदर, बकरी टक्कर देईल की नाही तेवढं सांग." भाऊ म्हणाले, "टक्कर तं देईल साहेब. मंग उभी राहीन का नाही, ते पाहा लागन." साहेब खूप हसले. अशी माणसं होती ती दोघं. एकमेकांवर जीव होता त्यांचा.

दामोदरभाऊ तोफेच्या टोळीचे मेट होते. खंदकातून लांब दोरी ओढून तोफ उडवायची, ती ओढायची खूण त्यांची. कोणी कुठं बसायचं, कधी उठायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. आणि माझं काम तोफेचं मागचं दार उघडायचं. ब्रीच म्हणायचे त्याला. गोळा तिथून आत घालायचा आणि रिकामं काडतूस तिथूनच बाहेर काढायचं. म्हणजे दार उघडताना माझे दोन्ही हात आणि हे तोंड बरोबर नळीच्या मागं.

आणीबाणी लागली, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिल्लीहून मोठे लोक येणार होते. त्यांनी तोफ पाहायची आणि काम पुढं चालवायचं की नाही ते ठरवायचं. शामियाना लागला, खुर्च्या आल्या, रस्त्याला चुना मारला. आपल्या गावातल्या कितीतरी लोकांची मजुरी त्या माळावर होती, म्हणून सगळ्यांना वाटत होतं, की तोफ चांगली चालावी. वहिनींनी, भाऊंच्या घरच्यांनी, मारुतीला नारळ फोडला होता. आठवतं ना वहिनी?

पहिले गोळे चांगले गेले. गाडी मागं सरकायची, डुलायची आणि उभी राहायची. साहेबांचा चेहरा असा उजळला होता, की पाहत राहावं. मग पुढचा गोळा आत घातला. आम्ही खंदकात जाऊन बसलो. भाऊंनी खूण केली. दोरी ओढली.

टिक.

एवढाच आवाज. पुन्हा ओढली. पुन्हा टिक.

आता ऐका. गोळा पेटला नाही, तर नियम असा होता, की अर्धा तास कोणीही तोफेजवळ जायचं नाही. काहून? कारण दारूचा भरवसा नाही. कधी ती आत धुमसत असते आणि मागाहून पेटते. त्या वेळी मागचं दार उघडलेलं असलं, तर आग पुढं जात नाही. दार उघडणाऱ्यावर येते.

नियम सगळ्यांना माहीत होता. साहेबांनाही. पण पाहुण्यांना नागपूरला जाऊन विमान धरायचं होतं. शामियान्यातून निरोप आला, लवकर करा. पुन्हा निरोप आला. मग गद्रे साहेब स्वतः खंदकाशी आले. म्हणाले, दोनदा ओढून काही झालं नाही, गोळाच खराब आहे, काढा आणि दुसरा घाला. साहेबांचा शब्द म्हणून मी उठलो. पँटची माती झटकली. एक पाय खंदकाबाहेर टाकला. तेवढ्यात मागून माझा सदरा ओढला गेला.

"बस खाली, श्रावण्या."

मी म्हटलं, भाऊ, साहेब सांगून राहिले. ते म्हणाले, "मी तुले सांगून राहिलो. बस."

मी बसलो. मला राग आला होता. दिल्लीच्या लोकांसमोर मला पोरासारखं ओढलं म्हणून. साहेब खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "दामोदर, हे माझं इतक्या वर्षांचं काम आहे. ते लोक गेले तर पुन्हा येणार नाहीत."

भाऊ म्हणाले, "काम तुमचं हाय साहेब. पर हात याचे हायेत."

साहेब आमच्याजवळ खंदकात उतरले आणि बसले.

भावांनो, ती शांतता मी कशी सांगू? माळावर एवढी माणसं. टिटवी ओरडली, तिचाही आवाज मोठा वाटला. गाडी उन्हात उभी. नळी समोर रोखलेली. माझी नजर त्या मागच्या दारावरून हलेना. वाटायचं, आता होईल. मग वाटायचं, होत नाही. मग वाटायचं, होऊ दे एकदाचं. शामियान्यात खुर्च्या सरकल्या. मोटारी सुरू झाल्या. धूळ उडाली आणि खाली बसली. साहेबांनी मान वळवून पाहिलंही नाही.

वेळ पूर्ण झाल्यावर मी जाऊन दार उघडलं. गोळा थंड होता. बुडाला ठोका नीट बसला होता, पण तो पेटला नव्हता. काहून नाही पेटला, मी मधी उघडलं असतं तर पेटला असता का, हे कोणालाच सांगता आलं नाही. नेऊन खड्ड्यात नष्ट केला तो. त्याच्याबरोबर उत्तरही गेलं.

तोफेचं काम काही महिन्यांनी इथून उठलं. त्या दिवसामुळं उठलं की आधीच ठरलं होतं, देव जाणे. आपल्या लोकांची मजुरी गेली. मग भित्रा दामोदर म्हणून चेष्टा सुरू झाली. लग्नात चूल पेटली नाही, की म्हणायचे, दामोदरले इचारा, अर्धा तास थांबा लागते. एसटी सुरू झाली नाही, दामोदरले बोलवा. भाऊ हसायचे. सगळ्यांबरोबर हसायचे. पण घरी परतताना पांदीच्या वाटेवर आम्ही दोघंच असलो, की मला विचारायचे, "श्रावण्या, मी चुकलो काय रे?"

मी म्हणायचो, नाही भाऊ.

ते म्हणायचे, "तुले कसं मालूम?"

खरंच, मला कसं माहीत? तो गोळा मेलेलाच असेल, तर त्यांनी गद्रे साहेबांचं काम आणि गावाची मजुरी उगाच घालवली. तो जिवंत असेल, तर मी आज जो उभा आहे, तो त्यांच्यामुळं उभा आहे. यातलं कोणतं खरं, ते मला कोणी सांगितलं नाही. भाताची पेंढी बांधताना हातांकडं लक्ष जातं आणि वाटतं, हे माझे आहेत का उसने आहेत? अजून कोणतंही दार उघडताना मी समोर उभा राहत नाही. बाजूला सरकतो, मग उघडतो. आमच्या घरची म्हणते, "कोठीचं दार हाय ते, तोफ नाही." ती हसते. मीही हसतो. पण कडी वाजली, टिक झालं, की मी खंदकात असतो.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, गद्रे साहेब आले होते. केस पांढरे झालेले. भाऊंकडं बसले, चहा प्यायले. मला बोलावलं होतं. भाऊ नुसते वाट पाहत होते, की साहेब त्या दिवसाचं काही बोलतील. चूक म्हणतील, नाहीतर बरोबर म्हणतील. साहेब धानाबद्दल बोलले, मुलांबद्दल बोलले. जीपकडं जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि सोडला. मग जीपमध्ये बसले. जीप गेल्यावर भाऊंनी मला विचारलं, "काय म्हने साहेब?" मी म्हटलं, काही नाही. "काही तं म्हनलं असन." काही नाही भाऊ. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटच्या दुखण्यात मी रोज जायचो. त्या आवाजांनी कान आधीच गेले होते, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे. सुनांसमोर, पाहुण्यांसमोर मोठ्यानं विचारायचे, मी चुकलो काय रे? सुनांना वाटायचं, म्हाताऱ्यानं तरणेपणी काही पाप केलं असेल. मायबाई, ऐका. हे होतं ते.

पुढं तर त्यांना बोललेलं ऐकू जात नव्हतं. म्हणून एका दुपारी मी दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले. त्यांनी एकेक बोट चाचपून पाहिलं. म्हणाले, "हायेत तं सारे." मला वाटलं, सुटले बिचारे. पण थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, "पर साहेबाची तोफ गेली ना."

म्हणजे नाही सुटले. मी खोटं कशाला सांगू? नाही सुटले.

वसंता, तू तिथं मागं खांबाशी बसला आहेस, मला दिसतोस. लोकांनी तुझ्या बापाला भित्रा म्हटलं आणि तू ते ऐकत मोठा झालास. लोक खोटं बोलले नाहीत, बाळा. तुझा बाप भ्याला होता. माझा सदरा त्याच्या मुठीत होता, आणि ती मूठ थरथरत होती. पूर्ण वेळ थरथरत होती. पाठीला कळत होतं मला. मोटारी निघून गेल्या, तेव्हा सर्वांत जास्त थरथरली. पण सुटली नाही. एवढी भीती घेऊन एवढ्या मोठ्या लोकांसमोर बसून राहणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तो चुकला का, हे मी सांगू शकत नाही. तो कसा बसला होता, हे मात्र मी सांगू शकतो, आणि ते सांगायला आता माझ्याशिवाय कोणी नाही.

बस. पाणी नको, झालं माझं.

आता सर्वजण उभे राहा. म्हातारे बसूनच राहिले तरी चालेल. थोडा वेळ कोणी बोलू नका, खोकला आला तरी दाबा. आणि किती वेळ झाला, हे कृपा करून मला विचारू नका. वसंता डोकं वर करून पाहील, तेव्हा आपण बसू.

रामराम, दामोदरभाऊ.