कुमुदताईंचा राहिलेला घास

मंडळी, ऐका. पूर्वरंग झाला, माझा गळा तापला, तुमच्या मांड्या अवघडल्या — म्हणजे आख्यानाची वेळ झाली! पण आज गोष्टीच्या आधी एक प्रश्न टाकतो. देवाला दिलेला शब्द एखाद्या माणसानं पाळला, अगदी जिवापाड पाळला, आणि तो पाळता पाळता घरातलं माणूस तुटलं. तर तो शब्द देवाला पोचला का? पोचला म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरं. नाही पोचला म्हणणारे? वा! आणि मधले जे आहेत ते नेहमीप्रमाणे प्रसाद कधी मिळेल ते बघतायत.

आज काल्याचं कीर्तन. तुम्हाला वाटलं असेल, बुवा आता गोकुळात नेणार, शिंकं फोडणार. आज मी तुम्हाला याच गावातल्या एका स्वयंपाकघरात नेणार आहे. आणि तिथं काय चाललंय? केक भाजला जातोय, केक! — हे बघा, पेटीवाले माझ्याकडं वळून बघायला लागले. बघा हो, खुशाल बघा, फक्त सूर सोडू नका.

डहाणू-घोलवडचा हा पट्टा. पुढं खाडी, मागं चिकूच्या वाड्या. देवळाच्या उतारावरच्या वाडीत कुमुदिनी सावे राहतात. आपल्या कुमुदताई. ओळखता ना सगळे? माना डोलवू नका इतक्या लवकर. मीसुद्धा अशीच डोलवली होती. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. त्या म्हणाल्या, सांगा बुवा, आता लपवायला उरलंय काय.

पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. कुमुद तेव्हा सतरा वर्षांची. आई गेलेली, वडील दिवसभर वाडीत, आणि घरात आठ वर्षांनी लहान भाऊ — भालचंद्र, भालू. त्या वर्षी भालूला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोर अंथरुणात. ताप उतरला तेव्हा अंगात काही उरलंच नव्हतं. उचलून बसवला तरी मान टाकायचा. डॉक्टर म्हणाले, औषध संपलं, आता याला दूध द्या, तूप-लोणी द्या, रोज एक अंडं द्या. बोलायला सोपं. दारात एक गाय, चार कोंबड्या, आणि घरात खाणारी तोंडं तीन.

कुमुद काय करते? संध्याकाळी या देवळात येते. तेव्हा इथं फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती, आणि तो घंटेचा साखळदंड पोरींच्या हाताला लागायचा नाही. ती टाचा उंचावून घंटा वाजवते आणि गावदेवीला म्हणते, 'आई, दूध, दही, तूप, लोणी, अंडं, यातला माझा वाटा भालूचा. तो उठून वाडीत धावला, की जन्मभर मी या वस्तूंना तोंड लावणार नाही. आणि हे तुझ्या-माझ्यात.' सुके बोंबील मात्र सोडले नाहीत हं! देवी मनात म्हणाली असेल, पोरगी किनाऱ्यावरची आहे, कुठं थांबायचं तिला कळतं.

महिन्याभरात भालू धावला. नुसता धावला नाही, चिकूच्या झाडावर चढून पडला आणि वडिलांचा मारही खाल्ला. नवस फळला. आता फेडायचा.

मंडळी, फेडायचा म्हणजे रोज फेडायचा! बिनदुधाचा चहा, बिनताकाचं जेवण, दिवाळीला तुपातलं सोडून तेलातलं तेवढं. कोणी विचारलं तर म्हणायचं, मला पित्त होतं. भालूनं विचारलं तर म्हणायचं, मला नाही आवडत. भाऊ दुधाचा पेला तोंडाला लावायचा आणि ही समोर बसून बघायची. पेला रिकामा झाला की हिचं पोट भरायचं.

आणि भालूला आवडायचं काय? केक! शेजारच्या इराणी वाडीतल्या बानूबाईंनी कुमुदला केक शिकवला. पातेल्यात वाळू तापवायची, आत डबा ठेवायचा, वर झाकणावर निखारे. अंडी एकाच बाजूनं फेटायची, उलटा हात फिरला की बानूबाई मनगटावर चापट मारायच्या. पुढं भालू मॅट्रिक झाला तेव्हा वडिलांनी गोल ओव्हन आणला. आठवतो का? ॲल्युमिनियमचा, झाकणावर काचेची इवलीशी खिडकी, आणि वायरीला कापडाचं वेष्टण. त्या खिडकीला डोळा लावून आपण किती संध्याकाळी काढल्या! आमच्याकडेही होता. आमच्या आईनं त्यात केक दोनदा केला आणि पुढची वीस वर्षं शेंगदाणे भाजले. आता त्या खिडकीत बघायला कोणाला वेळ आहे? पण भाजत्या केकचा तो वास नुसता आठवला तरी मला आईचा पदर आठवतो. असो.

तर दर वर्षी भालूच्या वाढदिवसाला केक. साखर बरोबर आहे का, भाजला का, सगळं कुमुद वासावरून ओळखायची. नैवेद्य आपण आधी चाखत नाही ना? तसं या बाईनं भावाचा केक कधी जिभेला लावला नाही.

भालू मोठा झाला. वसईला नोकरीला लागला आणि तिथं त्याचं जमलं आग्नेसशी. आग्नेसच्या घरी बेकरी. बघा योगायोग! केकवेड्या पोराला बेकरीवाल्यांची मुलगी. गावात कुजबुज झाली, आपली नाही, चर्चमधे जाणारी आहे. पण कुमुदताई ठाम उभ्या राहिल्या. वडिलांना म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, माझा भाऊ सुखात राहील. लग्नाला गेल्या, आईचे तोडे स्वतःच्या हातानं आग्नेसला घातले.

मग केक कापला. आग्नेसनं स्वतः भाजलेला, तीन मजली. त्यांच्यात रीत अशी, की नवी नवरी सासरच्या मोठ्या माणसाला पहिला घास भरवते. सासू नाही, म्हणजे मोठं माणूस कोण? नणंद. पांढऱ्या साडीतली ती मुलगी हातात केकचा तुकडा घेऊन पुढं आली, हसत म्हणाली, ताई, तोंड उघडा.

आणि कुमुदताईंनी तिचा हात बाजूला केला.

सगळ्या मांडवानं पाहिलं. मंडळी, त्या मुलीचा चेहरा कसा झाला असेल? आमच्या गावातली वऱ्हाडी मंडळी लगेच एकमेकांच्या कानाला लागली. बाटेल म्हणून खाल्लं नाही! भालूनं ते ऐकलं. बहिणीपाशी आला, म्हणाला, 'ताई, एक घास. माझ्यासाठी.' आणि ज्याच्यासाठी सगळं सोडलं तोच समोर उभा राहून ते खायला सांगतोय! खाल्लं तर नवस मोडला, आणि मोडला तर भालूचं काय होईल? तिचं मन सतरा वर्षांच्या पोरीचंच होतं अजून. तिनं मान हलवली. भालू म्हणाला, 'मग तुझ्या घरचं पाणीही मला नको.'

छत्तीस वर्षं! पत्रं परत आली. वडील गेले तेव्हा भालू दारातून दर्शन घेऊन गेला, उंबरा ओलांडला नाही.

आता इथं गोष्टीत एक बुवा येतात. तरणे, पंचविशीतले, आवाज चांगला, फेटा त्याहून चांगला, आणि शहाणपण तर उतू चाललेलं! लग्नानंतर याच उत्सवाला ते कीर्तनाला आले होते. कुमुदताई त्यांच्याकडे गेल्या आणि विचारलं, 'बुवा, नवस कोणाला सांगितला तर चालतो का?' आता खरा शहाणा असता तर म्हणाला असता, बाई, बसा. झालंय काय? पण आमच्या बुवांना कुठली फुरसत! उपरणं सारखं करत म्हणाले, 'नवस बोलून दाखवला की निष्फळ झाला. देवाशी बोललेलं देवापाशीच ठेवा.' बाईनं नमस्कार केला आणि गेली. बुवा खूश. केवढं वाक्य टाकलं!

मंडळी, तो बुवा मी.

हसू नका. इतकी वर्षं मी या गावात येतोय. दर वर्षी या बाईंना रांगेत बघतोय. पंचामृत आलं की हात मागं, तुळशीचं पान तेवढं घ्यायच्या. काल्याचा दहीपोह्याचा प्रसाद शेजारणीच्या मुलाला द्यायच्या. मीही बघितलं, तुम्हीही बघितलं. जी बाई देवीचं पंचामृत घेत नाही, ती ख्रिस्ती मुलीचा केक बाटेल म्हणून कसा नाकारेल? एवढा साधा हिशेब आपल्यातल्या एकालाही सुचला नाही. आपल्याला दुसरंच ऐकायला आवडलं.

आता गोष्ट वळते. भालू-आग्नेसला एक मुलगी. नाव ओवी. माझ्या धंद्यातलं नाव, म्हणून मला आधीच आवडली! ही आईबापांजवळ ठाण्याला असते आणि तिनं दूध, अंडी, सगळं सोडलंय. का, तर एकदा गोठ्यात वासराला आईपासून ओढून नेताना बघितलं. बाप म्हणतो, डोकं फिरलंय. आजकाल त्याला वीगन म्हणतात. तरुण मंडळी माना हलवतायत, त्यांना ठाऊक आहे. ही पोर घरच्या घरी मफिन भाजते. मफिन म्हणजे केकचंच लेकरू, वाटीएवढं.

गेल्या महिन्यात ती कोणाला न सांगता आत्याच्या दारात उभी राहिली. बापाच्या पाकिटात जुना फोटो सापडला होता, बहीण-भाऊ आणि मधे गोल ओव्हन. म्हणून शोधत आली. कुमुदताईंनी तिला बघितलं, भालूचं कपाळ ओळखलं, आणि चहा टाकला. ओवी म्हणाली, मला बिनदुधाचा. ताई म्हणाल्या, इथं बिनदुधाचाच असतो. मग पोरीनं डबा उघडला. काळे, टपोरे, वर फळांचे तुकडे. ताईंचा हात सवयीनं मागं गेला. 'मला चालत नाही गं.'

'आत्या, यात दूध नाही. लोणी नाही. अंडंसुद्धा नाही.'

कुमुदताईंनी तीनदा विचारलं. मग आहे काय? तर कुस्करलेली केळी, चिकूच्या फोडी, नारळाचं दूध, तेल, कणीक, आणि दुधाचा थेंब नसलेलं काळं चॉकलेट. आणि अंड्याशिवाय फुगला कशानं? सोडा आणि लिंबू. ताईंनी मफिन हातात घेतला, नाकाशी नेला. बरोबर भाजलाय, म्हणाल्या. आणि परत डब्यात ठेवला. ओवी हिरमुसली. तेव्हा त्या म्हणाल्या, 'पहिला घास तुझ्या आईच्या हातून खायचाय मला. तिचा एक राहिलाय.'

का राहिला, ते मात्र सांगेनात. पोरगी उत्तर न मिळताच परत गेली. या उत्सवाच्या पहिल्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. या वेळी मी उपरणं खाली ठेवलं आणि म्हटलं, बाई, बसा. नवस कोणासाठी होता? आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी हात जोडले. म्हटलं, देवी एकदा दिलेलं लेकरू परत घेत नाही. चूक माझी, चला.

परवा सकाळी आम्ही ठाण्याला गेलो. दार आग्नेसबाईंनी उघडलं. केस पांढरे झालेत, हातात ते तोडे. भालू आतून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बोललो मीच, माझा गुन्हा होता. मुदतीचा ताप सांगितला, सारवलेली जमीन सांगितली, घंटा सांगितली. भालूनं एवढंच म्हटलं, 'मी दूध प्यायचो तेव्हा तू समोर बसायचीस. मला वाटायचं, सांडेन म्हणून बसतेस.' आणि साठी ओलांडलेला तो गृहस्थ लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, लपवत नाही.

आग्नेसबाई आत गेल्या, ओवीच्या ताज्या मफिनचा डबा घेऊन आल्या. घास मोडला, पुढं केला. 'ताई, तोंड उघडा.' उघडलं. पंचावन्न वर्षांत पहिला केक! मग आग्नेसबाई अगदी हळू म्हणाल्या, 'मी बेकरीवाल्यांची मुलगी, ताई. आमच्या घरी उपासकाळात चाळीस दिवस बिनदुधाचा, बिनअंड्याचाच केक व्हायचा. तुम्ही एक शब्द बोलला असता, तर मी लग्नात तोच केला असता.'

ऐकलंत? एक शब्द! छत्तीस वर्षं एका शब्दाला अडली होती. आणि तो शब्द अडवला मी, या इथं बसून.

आता पहिला प्रश्न. शब्द देवाला पोचला का? पोचला, मंडळी. भालू धावला त्याच दिवशी पोचला. पण देवापुरतं बोलून ती थांबली, आणि माणसाशी बोलायचं राहून गेलं. देवीनं गप्प राहायला सांगितलं नव्हतं. ते आपण माणसांनीच सांगितलं.

तुम्हालाही कोणीतरी कधीतरी घास नाकारला असेल. तुम्ही त्याचं कारण स्वतःच ठरवलं असेल आणि तेच धरून बसला असाल. आज घरी गेलात की दाराशी चपला काढायच्या आधी त्या माणसाला विचारा, का रे बाबा? आणि ज्यानं नाकारला असेल त्यानं सांगून टाका. देवी रागावली तर माझं नाव सांगा.

आज काल्याच्या प्रसादात दहीपोहे आहेतच. पण त्याशेजारी एक पाटी भरून मफिन आहेत. काल दिवसभर त्याच गोल ओव्हनमधे नणंद, भावजय आणि ओवीनं मिळून भाजलेत. कोणालाही चालतील असे. भालूसकट चौघंही त्या डावीकडच्या खांबापाशी बसलेत. वळून बघू नका — वळलातच ना सगळे!

बघा मग नीट. रांग लावा. आणि आज पंक्तीतला पहिला प्रसाद माझ्या हातून कुमुदताईंना जाईल. मलाही एक घास द्यायचा राहिलाय.